५२५१० पर्यंत पोचलो, पुढे कुठे चुकलो? (जिओकॅशिंगचं कोडं)

चाळीसगावचे मास्तर

नमस्कार मंडळी. धागा लांबेल, आधीच सांगून ठेवतो. छत्तीस वर्षं फळ्यासमोर उभ्या राहिलेल्या माणसाला थोडक्यात काही सांगता येत नाही.

मी गणिताचा निवृत्त शिक्षक. सध्या आम्ही दोघं मुलीकडे जर्मनीत, कार्ल्सरुहेला आलोय. नव्वद दिवसांचा व्हिसा, त्यातले एकतीस संपले. मुलगी-जावई सकाळीच कामाला जातात. बारा वर्षांचा नातू दुपारी दीडला शाळेतून येतो आणि त्यानंतर घरात एकच विषय असतो: डबे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. जगभर लोकांनी डबे लपवून ठेवलेत आणि त्यांचे अक्षांश-रेखांश संकेतस्थळावर टाकलेत. फोन घेऊन जायचं, डबा शोधायचा, आतल्या वहीत सही करायची, डबा होता तसा ठेवायचा, गुपचूप निघायचं. पूर्वी अमेरिकन सरकार जीपीएसचा नागरी सिग्नल मुद्दाम बिघडवून ठेवायचं. मे २००० च्या सुरुवातीला ते बंद केलं, आणि ३ मेला डेव्ह उल्मर नावाच्या माणसानं ऑरेगनच्या रानात एक बादली ठेवून तिचा पत्ता इंटरनेटवर जाहीर केला. तिथून हे सुरू झालं. नातवाला हे तोंडपाठ आहे. सतराचा पाढा नाही.

आमच्या हिला हा प्रकार पहिल्या दिवसापासून पटलेला नाही. "जन्मभर स्टेशनावर ऐकलं, बेवारस वस्तूला हात लावू नका, आणि इथे येऊन बेवारस डबे हुडकत फिरताय." उत्तर सुचलं नाही.

साधे डबे आम्ही अकरा शोधले. मग नातवानं निळ्या प्रश्नचिन्हाचा काढला. यात नकाशावरची खूण खोटी असते. कोडं सोडवलं की खरी जागा कळते, आणि ती त्या खुणेपासून दोन मैलांच्या, म्हणजे साधारण तीन किलोमीटरच्या आत असावी असा नियम आहे. कोडं पुढे देतोय, पण सगळे आकडे बदललेत. दुसऱ्यानं मेहनतीनं लपवलेल्या जागेचा चव्हाट्यावर पत्ता देणं बरं नव्हे. चूक मात्र जशीच्या तशी ठेवलीय.

हे गाव १७१५ साली कार्ल विल्हेल्म नावाच्या राजानं वसवलं. मधोमध राजवाड्याचा मनोरा, आणि त्याच्यापासून ३२ रस्ते चहूकडे निघतात. दक्षिणेकडच्या रस्त्यांवर शहर आहे, ते नकाशात अगदी उघडलेल्या पंख्यासारखं दिसतं. उत्तरेकडचे रस्ते हार्टवाल्ड नावाच्या जंगलात शिरतात. या राजाला ट्यूलिपच्या फुलांचं वेड होतं. कोडं त्यावरच बेतलंय:

"राजाच्या माळ्यानं ट्यूलिपचे कांदे ३७-३७ च्या ओळींत लावले तेव्हा ७ उरले. ३८-३८ च्या ओळींत लावले तेव्हा ३२ उरले. ३९-३९ च्या ओळींत लावले तेव्हा १६ उरले. कांदे पंचावन्न हजारांहून कमी होते. तेच कांदे त्यानं ३२ टोपल्यांत सारखे वाटले. एका टोपलीत जितके आले तितके मीटर चाल. जितके उरले ती वाट धर."

बस. खाली कोपऱ्यात एक दिशाचक्राचं चित्र, शोभेचं.

मंडळी, हे वाचून मी खुर्चीतून उठलो. हा तर कुट्टक! भागून उरलेल्या बाक्यांवरून मूळ संख्या शोधायची रीत. आर्यभटानं ४९९ साली सांगितलेली, पुढे लीलावतीतही आलेली. आमच्या चाळीसगावजवळ पाटणादेवीला जो शिलालेख आहे ना, भास्कराचार्यांचा नातू चांगदेव यानं आजोबांचे ग्रंथ शिकवायला मठ काढल्याचा, तिथे दरवर्षी सहल नेऊन पोरांना कुट्टकाचं नाव सांगायचो. नाव सांगून पुढे जायचो, कारण अभ्यासक्रमात नव्हता. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी मला तो वापरायला लावत होतं, आणि तेही एक जर्मन माणूस.

नातवाला आधी छोटं उदाहरण दिलं, आर्यभटीयावरच्या पहिल्या भास्कराच्या भाष्यातलं: ८ नं भागलं तर ५ उरतात, ९ नं भागलं तर ४, ७ नं भागलं तर १, तर संख्या कोणती? त्यानं दहा मिनिटं खपून ८५ काढलं. मग ट्यूलिपला हात घातला.

पहिल्या दोन अटी घ्या. संख्या ३८ च्या पटीत अधिक ३२. आता ३८ ला ३७ नं भागलं तर १ उरतो, म्हणून ३८ च्या जितक्या पटी घेऊ तितकीच बाकी. ती पट अधिक ३२ मिळून ३७ नं भागल्यावर ७ उरायला हवेत, म्हणजे पट १२. ३८ गुणिले १२ अधिक ३२ बरोबर ४८८. ताळा: ४८८ मधून ४८१ गेले, ७ उरले. यापुढे दर १४०६ नंतर (३७ गुणिले ३८) तशीच संख्या येणार. आता तिसरी अट. ४८८ ला ३९ नं भागलं तर २० उरतात, १४०६ ला भागलं तर २. आपल्याला १६ हवेत. म्हणजे २० मध्ये दोन-दोन मिळवत ३९ च्या चक्रात १६ वर यायचं, अर्थात दोन पावलं मागे. मागे दोन म्हणजे पुढे ३७. ४८८ अधिक ३७ गुणिले १४०६ बरोबर ५२५१०.

अर्धं पान. वल्लीसुद्धा (कुट्टकात भागाकारांची एकाखाली एक मांडणी करतात ती) मांडावी लागली नाही, कारण ३७, ३८, ३९ सलग आहेत. कोडं रचणाऱ्यानं जाणूनबुजून दया दाखवलीय. मी पेन खाली ठेवलं तेव्हा नातू अजून लॅपटॉप उघडत होता. त्यानं पायथनमध्ये शून्यापासून एकेक संख्या तपासणारा प्रोग्रॅम लिहिला. त्याचंही ५२५१०.

५२५१० भागिले ३२: भागाकार १६४०, बाकी ३०. म्हणजे तिसावी वाट, १६४० मीटर. एका वाटेत ११.२५ अंश, तिसावी म्हणजे ३३७.५ अंश. मनोरा उत्तर ४९° ००.८००, पूर्व ८° २४.२५० धरा. एक मिनिट (अंशाचा साठावा भाग) म्हणजे एक सागरी मैल, १८५२ मीटर, हे पाठ आहे.

मी हातानं काढलं: उत्तर ४९° ००.४६१, पूर्व ८° २५.०६८.
नातवानं माझंच सूत्र प्रोग्रॅममध्ये घातलं: उत्तर ४८° ५९.९३६, पूर्व ८° २४.०५६.

एकच सूत्र आणि उत्तरं दोन! उत्तर तपासायचं एक पान असतं, बरोबर असेल तर हिरवं होतं. दोन्ही वेळा लाल. तरी हौसेनं आम्ही माझ्या जागी जाऊन आलो. भर रस्ता, ट्रामचे रूळ, समोर बेकरी. नातवाची जागा स्टेशनच्या वाटेवर निघाली. तिथेही गेलो, कारण पक्षपात नको.

दोघं कुठे चुकलो? नातवाला सांगून बसलोय की आजोबांचं गणित चुकत नाही, लपवणाऱ्याचंच चुकलं असेल.

---

शून्यापासून मोजा

मास्तर, दंडवत. मी म्युनिकला असतो, सॉफ्टवेअरमध्ये. सहा वर्षांपासून याच रोगानं पछाडलेला.

आधी नातवाचं, कारण ते मला त्याच्या उत्तरावरूनच दिसलं. पायथनचं साइन-कोसाइन अंश घेत नाही, रेडियन घेतं, म्हणजे कोन मोजायचं दुसरं एकक. त्यानं ३३७.५ तसेच आत टाकले असणार. ३३७.५ रेडियन म्हणजे ५३ पूर्ण फेऱ्या आणि वर ४.४९ रेडियन, अर्थात २५७.३ अंश. त्याचा कोसाइन उणे ०.२१९, साइन उणे ०.९७६. म्हणजे ३६० मीटर पश्चिमेला आणि १६०० मीटर दक्षिणेला. १८५२ नं भागा: ०.१९४ आणि ०.८६४. चोवीस पूर्णांक दोन पाच मधून ०.१९४ गेले की २४.०५६. आणि ००.८०० मधून ०.८६४ जात नाहीत म्हणून पोरगं ४९ व्या अक्षवृत्ताच्या पलीकडे उतरलं. ते तुमच्या गावातूनच जातं. त्याला सांगा, ही चूक न केलेला प्रोग्रॅमर अजून जन्माला यायचाय.

मी याहून महाग चूक केलीय. एका कोड्यात मोठ्या संख्यांचे घात काढून बाकी घ्यायची होती. मी जावास्क्रिप्टमध्ये लिहिलं. बाक्या येत होत्या, दिसायला सभ्य, आणि सगळ्या खोट्या. २ चा ५३ वा घात, म्हणजे ९००७१९९२५४७४०९९२, याच्या पुढे जावास्क्रिप्टच्या साध्या संख्येला लगतचे पूर्णांक वेगळे ओळखता येत नाहीत. चूक झाल्याचं ती सांगतही नाही, मुकाट्यानं गोल करून देते. दोन रविवार गेले. पायथनमध्ये पूर्णांक हवा तेवढा मोठा होतो, तिथे तोच हिशोब तीन ओळींत सुटला.

नातवाला आवडेल अशी आणखी एक गंमत. प्रत्येक डब्याला जीसी या अक्षरांनी सुरू होणारा क्रमांक असतो. सुरुवातीला तो साधा षोडशमान होता, म्हणजे ० ते ९ आणि ए ते एफ. चार घरं भरली, ६५५३५ वर गाडी थांबली. मग त्यांनी ३१ चा पाया घेतला. ३६ चिन्हांतून आय, एल, ओ, एस आणि यू ही पाच अक्षरं गाळली, उरली ३१. पण जुने क्रमांक तर बदलायचे नाहीत! म्हणून नव्या पद्धतीनं किंमत काढून त्यातून ४१११२० वजा करतात. जीसीजी००० घ्या: जी म्हणजे १६, १६ गुणिले ३१ चा घन बरोबर ४७६६५६, वजा ४१११२० बरोबर ६५५३६. सांधा बेमालूम. कोडी रचणारे हा पाया हमखास वापरतात, एकतीसच्या आत राहणारी विचित्र अक्षरमाळ दिसली की पहिला संशय इथे घ्यायचा.

तुमच्या उत्तराचं अजून कळलं नाही. चहा घेऊन बघतो.

---

पुण्याचा प्रेक्षक

आपल्याकडे आहेत का हे डबे? आणि काकूंशी सहमत. आमच्या सोसायटीच्या भिंतीत असा डबा निघाला तर आधी वॉचमन, मग सेक्रेटरी, मग बॉम्बशोधक पथक.

---

शून्यापासून मोजा

आहेत, महाराष्ट्रातही, पण विरळ. आणि हो, ठेवणाऱ्यानं जागा विचार करूनच निवडावी लागते.

---

मोजणीवाली

मास्तर, मी मोजणी खात्यात नोकरी केली, साखळी आणि थिओडोलाइटपासून जीपीएसपर्यंत सगळं हाताळलंय. तुमची चूक मला पहिल्या वाचनात दिसली. रागावू नका, ही खास गणितवाल्यांची चूक आहे. आमच्याकडे बी.एस्सी. गणित होऊन आलेला प्रत्येक नवा मुलगा पहिल्या आठवड्यात करायचा.

तुम्ही कोन क्ष-अक्षापासून मोजलात. म्हणजे शून्य पूर्वेला, आणि वाढतो घड्याळाच्या उलट. वहीत ते बरोबर. जमिनीवर शून्य उत्तरेला आणि कोन घड्याळाच्या काट्याबरोबर. तुमचे ३३७.५ अंश पूर्वेपासून उलट मोजले तर आग्नेयेकडे जातात, म्हणून तुम्ही ट्रामच्या रुळांवर. आमच्या रीतीनं मोजले तर उत्तरेपासून २२.५ अंश पश्चिमेला, म्हणजे थेट तुमच्या त्या जंगलात. डबा ठेवायचा तर माणूस बेकरीसमोर ठेवेल की रानात?

कोपऱ्यातलं दिशाचक्र शोभेचं म्हणालात, तेच सगळ्यात मोठी खूण होतं. पूर्वीच्या खलाशांच्या होकायंत्रावरही ३२ च दिशा असायच्या.

सूत्र एवढंच बदला: उत्तरेकडचं अंतर कोसाइननं, पूर्वेकडचं साइननं.

---

चाळीसगावचे मास्तर

ताई, मान खाली घालून वाचलं. छत्तीस वर्षं "धन कोन घड्याळाच्या विरुद्ध दिशेनं" असं पोरांकडून घोकून घेतलं, त्याची ही फेड.

नातवानं रेडियन दुरुस्त केले. त्याला मी चूक दाखवली तेव्हा तो हसला, आणि माझी चूक त्याला दाखवली तेव्हा फार जास्त हसला.

आता दोघांचं उत्तर एक आलं. १६४० गुणिले ०.९२३९ बरोबर १५१५ मीटर उत्तर. १६४० गुणिले ०.३८२७ बरोबर ६२८ मीटर पश्चिम. १८५२ नं भागून ०.८१८ आणि ०.३३९. म्हणून उत्तर ४९° ०१.६१८, पूर्व ८° २३.९११.

आणि पान पुन्हा लाल!

दुपारी तरीही गेलो. जंगल आहे, शांत आहे, पण फोन दाखवतो तिथे वाट नाही, नुसती काटेरी झुडपं. कोड्यात तर "वाट धर" म्हटलंय. दीड तास प्रत्येक बुंधा चाचपला. एका बाईंनी कुत्र्याला थांबवून विचारलं, काही हरवलंय का. नातू म्हणाला, आजोबांचा चश्मा. चश्मा माझ्या नाकावर होता.

---

शून्यापासून मोजा

वाटेवर नाही म्हणालात आणि माझी ट्यूब पेटली. मोजणीताई आधी सांगतील म्हणून घाईनं लिहितोय: रेखांशाचं मिनिट १८५२ मीटरचं नसतं. विषुववृत्तावर असतं जवळजवळ तेवढं. तुम्ही ४९ अंशावर आहात.

---

मोजणीवाली

लिहा की, माझी मक्तेदारी थोडीच आहे. पण अर्धवट सोडलंत, म्हणून पुरं करते.

अक्षवृत्तं एकमेकांना समांतर, त्यांच्यातलं अंतर सगळीकडे जवळपास सारखं. रेखावृत्तं मात्र ध्रुवाकडे जाताना संत्र्याच्या फोडींसारखी निमुळती होतात. म्हणून पूर्व-पश्चिम मिनिटाची लांबी अक्षांशाच्या कोसाइननं कमी होते. कोसाइन ४९ म्हणजे ०.६५६. १८५२ गुणिले ०.६५६ बरोबर १२१५ मीटर. मास्तर, तुमचे ६२८ मीटर १२१५ नं भागा, ०.५१७ येतील. ०.३३९ नाही. तुम्ही खऱ्या जागेपासून दोनशेहून जास्त मीटर पूर्वेला झुडपं चाचपत होतात.

चाळीसगावला असतात तर हीच चूक बरीच लहान वाटली असती. तिथे अक्षांश साडेवीसच्या आसपास, कोसाइन ०.९४. सहा टक्क्यांचा फरक, माणूस म्हणतो फोन चुकला असेल. युरोपात ती एक तृतीयांश होते आणि लपत नाही.

आता कुणीतरी येऊन म्हणेल की पृथ्वी गोल नाही, लंबगोल आहे, लंबगोलावरची अंतरं काढायचं व्हिन्सेंटीचं १९७५ चं सूत्र वापरा. वापरा, हरकत नाही. जीपीएस पृथ्वीचा जो आकार धरतं त्या डब्ल्यूजीएस ८४ लंबगोलावर ४९ अंशाला रेखांशाचं मिनिट सुमारे १२१९ मीटर आणि अक्षांशाचं सुमारे १८५३ मीटर येतं. मी करून बघितलं: उत्तर ०१.६१७, पूर्व २३.७३५. कोसाइनच्या साध्या हिशोबानं ०१.६१८ आणि २३.७३३. फरक अडीच-तीन मीटरचा. झाडाखाली फोन त्याहून जास्त हलतो. दीड किलोमीटरसाठी तोफ नको. शंभर किलोमीटरचं कोडं आलं तर बघू.

फक्त एक सवय लावून घ्या. कोडं नवं असलं तरी आधी विचारायचं: कुठला लंबगोल? आपल्या जुन्या भारतीय नकाशांचा पाया १८३० चा एव्हरेस्ट लंबगोल होता. त्यावरचे आकडे उचलून फोनमध्ये टाकले तर तुम्ही दुसऱ्याच शेतात उभे राहता. यावरून भाऊबंदकीची भांडणं झालेली मी पाहिलीत, डबा तर फारच लहान गोष्ट.

---

पुण्याचा प्रेक्षक

एक शंका. तपासायचं पान आहे आणि प्रोग्रॅम लिहिता येतो, तर मग कोडं कशाला सोडवायचं? तीन किलोमीटरच्या आतले सगळे निर्देशांक प्रोग्रॅमनं त्या पानात घालत बसायचे, कधीतरी हिरवं होईलच.

---

शून्यापासून मोजा

पुणेरी प्रश्न अपेक्षितच होता. हिशोब करा. शेवटचा अंक हलवला की अक्षांशात सुमारे १.८५ मीटर सरकतं आणि इथे रेखांशात सुमारे १.२. तीन किलोमीटर त्रिज्येचं वर्तुळ म्हणजे सव्वादोन वर्गमीटरला एक असे सव्वा कोटीच्या आसपास निर्देशांक. अशी पानं ठरावीक वेळेत मोजकेच प्रयत्न घेऊ देतात, नेमकं याच कारणासाठी. मास्तरांचा व्हिसा संपेल.

आणि दुसरं म्हणजे, नातवानं पंचावन्न हजार संख्या तपासल्या ती वेगळी गोष्ट. तो कोड्याच्या अटी तपासत होता. कुणाच्या दारावर लाख वेळा टकटक केली नाही. माझा मुलगा पहिल्या प्रकाराला "सोडवणं" म्हणतो आणि दुसऱ्याला "कुरतडणं".

---

चाळीसगावचे मास्तर

हिरवं! मंडळी, हिरवं झालं!

सविस्तर सांगतो, नाहीतर झोप लागायची नाही.

परवा रात्री ताईंचा प्रतिसाद वाचला आणि स्वयंपाकघरातून संत्रं आणलं. नातवाला फोड दाखवली: मध्ये जाड, टोकाला निमुळती. "हे मिनिट मध्ये १८५२, आणि आपण इथे वर राहतो, तर इथे किती?" त्यानं संत्र्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, म्हणाला, "कोसाइन." सांगावं लागलं नाही. मी त्याच्या आजीला हाक मारून ते पुन्हा म्हणायला लावलं. तिनं संत्रं सोललं आणि वाटून टाकलं.

बाकी, भूगोलाच्या सरांना मी उभ्या हयातीत चिडवत आलो की तुमच्यात गणित कुठंय. त्यांना आज सकाळी फोन केला. ते अजून हसतायत.

नेमकी जागा लिहीत नाही. या वेळी फोननं आम्हाला सरळ वाटेवर नेलं. झाडांतून बाणासारखी गेलेली वाट. मागे वळून पाहिलं तर तिच्या टोकाला राजवाड्याचा मनोरा, सुईएवढा. तीनशे वर्षांपूर्वी कुणीतरी आखलेल्या रेषेवर आपण उभे आहोत हे पायांना कळतं. वाटेचा जो कोन मी चार दिवस वहीत बघत होतो, तो समोर लांबच लांब पसरलेला होता.

फोन म्हणाला, तीन मीटर. मग म्हणाला, सात. मग पुन्हा चार. तो असाच करतो. मी बुंधे चाचपायला लागलो. नातू मात्र उभा राहून नुसतं बघत होता. मग म्हणाला, "आजोबा, त्या काटक्या समांतर आहेत." एका बुंध्याच्या तळाशी काटक्यांचा लहानसा ढीग, हातभर लांबीच्या, सगळ्या एकाच दिशेला तोंड करून. झाडाखाली काटक्या अशा पडत नाहीत. बाजूला केल्या तर आत पोकळी आणि पोकळीत झाकणाला चारी बाजूंनी खटके असलेला प्लास्टिकचा डबा. आमच्याकडे लोणचं ठेवतात तसला.

आत पिशवीत वही. पेन्सिल होती, पण टोक मोडलेलं. मी म्हटलं, हरकत नाही, मास्तरांच्या खिशात पेन नाही असा दिवस उगवलेला नाही. नातवानं त्याचं टोपणनाव लिहिलं, मी खाली देवनागरीत: "कुट्टकाने सोडवले." तारीख, सही. डबा बंद केला, काटक्या परत ठेवल्या. नातू म्हणाला, समांतर नको, वेड्यावाकड्या ठेवू. मी म्हटलं नाही, होत्या तशाच. त्यावर परतीच्या वाटेवर वाद झाला. तुमचं मत कळवा.

आज सकाळी डबा लपवणाऱ्याचा संदेश आला. तो म्हणे दर महिन्याला वही तपासायला जातो, योगायोगानं काल संध्याकाळीच गेला होता. विचारत होता की ही लिपी कुठली आणि शब्दाचा अर्थ काय. मी नातवाला बसवून उत्तर लिहायला घेतलं. आर्यभट, ४९९, मोठ्या संख्येला बारीक-बारीक करत नेतात म्हणून कुट्टक, म्हणजे कुटून भुगा करणारा. नातू जर्मन शब्दावर अडला. कुटणारा म्हणजे काय, खलबत्ता? खलबत्त्याला काय म्हणतात? बराच वेळ विचार करून त्यानं लिहिलं, "मिक्सर". मी बदलायला सांगितलं. तो म्हणाला, पाठवून झालं.

ताजा कलम: त्या गृहस्थांचं उत्तर आलंय. त्यांना मिक्सर आवडला. पुढचं कोडं ते तीन मनोऱ्यांपासूनच्या तीन अंतरांचं करतायत म्हणे. मोजणीताई, हाताशी राहा. एकोणसाठातले आता चोपन्न दिवस उरलेत.

---

मोजणीवाली

आहे. काटक्या वेड्यावाकड्या ठेवायला हव्या होत्या, नातू बरोबर आहे.

---

पुण्याचा प्रेक्षक

आमच्या टेकडीवर एक डबा दाखवतोय नकाशात. साधा आहे, प्रश्नचिन्ह नाही. रविवारी सकाळी जातोय. वॉचमनला सांगून ठेवलंय.